कापसाच्या बोळ्याचं पत्रक

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं पुष्कळ. अप्पा वडवणीच्या बाजारात हमाली करायचे आणि हमालांच्या मागण्यांची पत्रकं लिहायचे. पोत्याचं वजन किती असावं, सावलीला पत्र्याचं शेड का नाही, पाण्याची टाकी महिनोन्‌महिने धुतली का जात नाही. गुलाबी, पिवळ्या, फिक्या हिरव्या कागदांवर मी अक्षरं शिकले आणि त्यांच्याच कोऱ्या पाठीवर गणितं सोडवली. चौथीत 'माझी आवडती गाय' या निबंधात मी गाईच्या चार मागण्या लिहिल्या होत्या. बाईंनी वर्गात वाचून दाखवल्या, पोरं हसली. मला मात्र आजही त्या मागण्या रास्त वाटतात.

पत्रक छापायला देण्याआधी ते आईला वाचून दाखवायचं, असा घरचा नियम. आई पिठाची गिरणी चालवते. वाचायचं ते गिरणी चालू असताना. त्या घरघरीतून जे वाक्य तिच्यापर्यंत पोचणार नाही, ते खोडायचं. "लांबड लावू नको गं," ती म्हणायची. "म्हणता म्हणता तुलाच दम लागाया लागला, ऐकणाऱ्याचं काय?" अप्पांनी मला विचार दिला असेल, पण वाक्य कुठं तोडायचं ते आईनं शिकवलं.

अंबाजोगाईला शिकत असताना मी एका मैत्रिणीच्या भावाच्या वरातीत नाचले. डीजेच्या खोक्यांची भिंत ट्रॉलीवर रचलेली होती आणि मी तिच्या अगदी पुढ्यात. छातीत धडधड, दातांत कंप, आणि मला वाटलं, हाच आनंद. दुसऱ्या दिवशी उजव्या कानात बारीक शीळ वाजायला लागली. वर्गात, जेवताना, उशीवर डोकं ठेवल्यावर, सतत. तिसऱ्या दिवशी ती थांबली. तोवर मी इतकी घाबरले होते की शनिवारी घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहून काढलं.

शीर्षक होतं, 'कान आपले आहेत, भाड्यानं दिलेले नाहीत.' डीजेवाल्यांना धुतलं, त्यांना बोलावणाऱ्यांना धुतलं, मागं उभं राहून टाळ्या पिटणाऱ्या पुढाऱ्यांना तर पिळून वाळत घातलं. लहान लेकरांचे, गरोदर बायांचे, आजाऱ्यांचे हाल लिहिले. आणि शेवटी चौकटीत एक सल्ला दिला: मोठ्या आवाजाजवळ जावंच लागलं, तर कानात कापसाचे बोळे घाला.

हा सल्ला कुठून आणला, हे मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं. जखमेवर कापूस, निरांजनात कापूस, थंडीत कानात कापूस, मेल्यावर नाकात कापूस. कापूस आवाज अडवत नसेल, ही शंका आमच्या तालुक्यात कुणाला यावी कशी?

आईला तर तीच ओळ आवडली. "ह्ये कामाचं हाय," ती म्हणाली. "बाकी समदं भाषण हाय."

आठवडी बाजारात आम्ही पत्रकं वाटली. लोकांनी घेतली, वाचली, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की पत्रकातली एक गोष्ट लोकांनी खरोखर केली. पुढच्या लग्नसराईत पोरांच्या कानात पांढरे बोळे दिसायला लागले. एका वरातीत खोक्यांना जवळजवळ चिकटून नाचणारा एक जण मला बघून ओरडला, "ताई, तुमचा कापूस घातलाय! आता बिनघोर!" मी हात उंचावून त्याला दाद दिली. लई अभिमान वाटला. त्या बोळ्यांच्या भरवशावर ती पोरं आधीपेक्षा दोन पावलं पुढं सरकलीत, हे माझ्या डोळ्यांपुढं घडत होतं आणि मला दिसत नव्हतं.

घरातलंही दिसलं नाही.

आमच्या गिरणीत दोन यंत्रं. एक दळायचं, एक मिरची कांडायचं. कांडपाचा आवाज दळणाच्या दुप्पट, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा, आणि मिरचीच्या दिवसांत तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पूर्वी कान बधिर झाले की आई यंत्र पोरक्यासारखं सोडून अंगणात यायची, लिंबाखाली बसायची, पाणी प्यायची. तेवढाच कानांना विसावा. पत्रक आल्यावर तिनं सरकी काढून कापूस मोकळा केला, खोबरेल तेलात भिजवला, कानात घातला आणि बाहेर यायचं बंद केलं. गरजच काय? लेकीनं छापलंय. शिवाय कापसामुळं तिचा भजनांचा छोटा स्पीकर दबका ऐकू यायला लागला, म्हणून तिनं तो आणखी मोठा केला. यंत्रावर मात करणारं भजन, आणि भजनावर मात करणारं यंत्र.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी होते. दुपारी एक बाई ज्वारीचं दळण घेऊन आली होती. मी अंगणात डबे पुशीत होते. अचानक गिरणीचा आवाज बदलला. धान्य संपून दगड रिकामे फिरायला लागले की ते किंचाळतात. हा आवाज आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे. आई तर धान्य संपायच्या आधी, नुसत्या सुरावरून उठते आणि चाक फिरवून दगड सैल करते. त्या दिवशी ती उठली नाही. दगडांच्या शेजारी, हातभर अंतरावर, ती डब्यावर नाव लिहीत बसली होती. दगड जळल्याचा वास आला. दळणाची बाई ओरडली, "अगं ये, झोपलीस का? दगूड पेटला तुपला!"

आईनं मान वर केली ती वासानं, आवाजानं नाही.

मी धावत जाऊन बटण बंद केलं. शांत झालेल्या गिरणीत ती कानातले बोळे काढून हातात घेऊन बघत राहिली. मग म्हणाली, "तेल जास्ती झालं असंल."

तेल नव्हतं. नंतर मला एकेक आठवायला लागलं. मी पाठमोरी असताना हाक मारली तर ती 'ओ' देत नव्हती. बोलता बोलता फोन डाव्या कानाचा काढून उजव्याला लावायची. पोराटोरांच्या बारीक आवाजातलं बोलणं तिला समजत नव्हतं, ती नुसती हसायची. आईचे कान म्हणजे आईची गिरणी. दगडाचा सूर ऐकून भाकरीचं पीठ आणि पोळीचं पीठ वेगळं करणारी तालुक्यात ती एकटी, असं बाया म्हणतात आणि ते खरं आहे. ते कान गेले तर ती यंत्राचं बटण दाबणारी कुणीही झाली असती. मला त्याची भीती वाटत होती आणि तिला माझ्यापेक्षा जास्त.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात तिला एका बंद खोलीत बसवलं. कानांवर यंत्र, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. काचेवरच्या पडद्याच्या फटीतून मला तिचा अंगठा दिसत होता. बऱ्याच वेळा तो हललाच नाही.

तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी कागदावर उतरत गेलेली रेघ दाखवली. जाड आवाज ठीक होते, बारीक आवाजांपाशी रेघ खाली गेली होती.

"मावशी, काम काय करता?"

"गिरणी हाय. पिठाची आन्‌ मिरचीची."

"कानांत काही घालता का?"

आईचा चेहरा उजळला. तिनं कमरेच्या पिशवीतून चार घड्या घातलेला पिवळा कागद काढला. "ह्ये घालते. मपल्या लेकीनं लिवलंय. तालुक्यात वाटलंय. समदे घालतेत आता."

डॉक्टरबाईंनी पत्रक वाचलं. पूर्ण वाचलं, हे मला त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं. मग त्यांनी ते घडी घालून आईलाच परत दिलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "लिहिलंय चांगलं. पण कापसानं आवाज थांबत नाही, मावशी. नावापुरता कमी होतो. आणि आपण झाकलंय या समजुतीनं माणूस जास्त वेळ थांबतो."

माझे कान तापले.

त्यांनी आईला समजावून सांगितलं. कानाच्या आत बारीक केसांसारखं पीक असतं, दाट, ज्वारीच्या शेतासारखं. एखाद्या वाऱ्यानं ताटं वाकतात, विसावा मिळाला की उठतात. पण रोज रोज वादळ आलं तर ती आडवी होतात आणि पुन्हा उभी राहत नाहीत. "गेलं ते परत येणार नाही. राहिलंय ते मात्र राखता येईल."

"किती राहिलंय?" आईनं विचारलं.

"राखण्याजोगं पुष्कळ आहे."

मग त्यांनी फोमचा बोळा दोन बोटांत गोल वळून बारीक करून दाखवला. दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर-मागं ओढायचा, बोळा आत घालायचा, फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. किंवा कारखान्यातले लोक लावतात तसे पूर्ण कान झाकणारे जाड कानझाके. आवाजापासून लांब सरकायचं. मध्ये मध्ये बाहेर यायचं. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तो आवाज कानाला जड आहे, असं समजायचं. आणि कानात शीळ वाजली तर ते कानांचं गाऱ्हाणं आहे, ऐकायचं.

परतीच्या एसटीत शेजारच्या पोरानं इंजिनाच्या वर ऐकू यावं म्हणून कानातली गाणी इतकी मोठी केली होती की ती आम्हाला ऐकू येत होती. आईनं त्याच्या दंडाला हात लावला आणि बोटानं खाली कर अशी खूण केली. त्यानं केली. मी खिडकीबाहेर बघत होते. मला रडायचं नव्हतं, कारण रडले असते तर ती मलाच समजावत बसली असती.

घरी अप्पा आणि त्यांचे एक हमाल सोबती चहा घेत बसले होते. मी सगळं सांगितलं. अप्पांनी आयुष्यात एकही पत्रक मागं घेतलं नव्हतं. ते हातातला कप फिरवायला लागले.

सोबती म्हणाले, "पत्रक मागं घेतलं तर डीजेवाले दात काढतील बे. त्यांच्या हातात कोलीत कावून द्यायचं?"

"पुढच्या पत्रकात ती ओळ बदल," अप्पा म्हणाले. "गुपचूप. कुणाच्या ध्यानात येतंय?"

आई चुलीपाशी होती. तिला हे ऐकू गेलं, याचंच मला आधी बरं वाटलं. "गुपचूप कावून?" ती म्हणाली. "छापताना गुपचूप छापलं व्हतं का? भर बाजारात वाटलं. चुकलं ते बी भर बाजारातच सांगायचं."

अप्पांनी कप खाली ठेवला. खरं सांगायचं तर मला त्यांचं म्हणणं आधी पटलं होतं. गुपचूप बदलण्याचा मोह मलाच जास्त होता, आणि तो मोह माझ्या तोंडातून बाहेर पडायच्या आत आईनं गाडला.

पण आई स्वतः कानझाके लावायला तयार नव्हती. बीडहून आणले, तर दोन दिवस खुंटीवर टांगलेले. "कान झाकले तर दगूड कसा ऐकू? मी काय आंधळ्यावानी दळू?" तिचं बरोबर होतं. जो कान वाचवायचा त्याच कानानं ती काम करत होती.

गाठ सोडवली ती दगडांना टाकी लावणाऱ्या चाचांनी. दगड गुळगुळीत झाले की छिन्नीनं त्यांना पुन्हा दात पाडावे लागतात, आणि आमच्या भागातल्या गिरण्यांच्या दगडांना चाचाच टाकी लावतात. जळलेला दगड दुरुस्त करायला ते आले होते. आईची अडचण ऐकून त्यांनी छिन्नी ठेवली.

"भाबी, मपला डावा कान छिन्नीनं खाल्ला. धा वरसं झाली. मग मी काम सोडलं का?"

"तुमी मग कसं करता?"

"हात."

त्यांनी दगडांवरच्या पत्र्याच्या झाकणावर तळवा ठेवला आणि गिरणी चालू करायला सांगितली. मग आईचा तळवा तिथं ठेवायला लावला. धान्य भरपूर असतं तेव्हा थरथर जाड आणि संथ असते. संपत आलं की ती बारीक आणि टोचरी होते. दगड जवळ आले की मनगटापर्यंत चढते. मीही हात ठेवून पाहिला, मला सगळी थरथर एकच वाटली. आईनं डोळे मिटले.

पहिला आठवडा वाईट गेला. पोळीचं पीठ रवाळ, भाकरीचं फार बारीक. बाया चिमटीत पीठ चोळून तोंड वाकडं करत होत्या. एक म्हणाली, "डोक्यावर ह्ये काय घातलंस गं? इमान चालवतीस का गिरणी?" आईनं कानझाका एका बाजूनं उचलला, ऐकून घेतलं आणि पुन्हा लावला. "पीठ परत आण. पुन्हा दळून देते." तिनं परत दळलं, सगळ्यांचं. भजनांचा स्पीकर यंत्र चालू असताना बंद ठेवायला लागली. दळण संपलं की हळू लावायची. चाचांनी कांडपाच्या यंत्राखाली जुन्या टायरचे तुकडे बसवून दिले आणि अप्पांनी मध्ये विटांची भिंत घातली. आई दर थोड्या वेळानं पुन्हा लिंबाखाली बसायला लागली. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका म्हातारीनं पीठ चोळलं, वास घेतला आणि काही न बोलता डबा उचलून नेला. आमच्याकडं ही पसंतीची खूण असते.

दुसरं पत्रक मी गिरणीत वाचायला गेले तेव्हा आईनं बटण बंद केलं. पत्रकासाठी गिरणी बंद झालेली मी पहिल्यांदा पाहिली. तिनं दोन वाक्यं खोडायला लावली. दोन्ही माझी बाजू सावरणारी होती.

त्याची सुरुवात अशी होती: 'मागच्या पत्रकात आम्ही चुकीचा सल्ला दिला. कापसाच्या बोळ्यानं कान वाचत नाहीत. तो सल्ला लिहिणारीच्या घरात, तिच्याच आईच्या कानांचं नुकसान झालं.' नंतर डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं, सोप्या शब्दांत. डीजेवाल्यांबद्दल होतंच. पण या वेळी गिरणीवाल्यांबद्दल, वेल्डिंगवाल्यांबद्दल, मळणीयंत्रावर उभ्या राहणाऱ्यांबद्दल आणि एसटीत कानात गाणी ठासून बसणाऱ्यांबद्दलही होतं. अप्पांनी ते वाचलं आणि खाली स्वतःची सही केली. पहिल्या पत्रकावर ती नव्हती.

बाजाराच्या दिवशी आई माझ्याबरोबर आली. गळ्यात कानझाके अडकवलेले. टोमणे अपेक्षित होते, आले.

"काय ताई, मागं कापूस घाला म्हनले. आता काय घालायचं, सोयाबीन?"

लोक हसले. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "तुज्या कानात अक्कल घालायची व्हती रं, पर भोकच बारीक हाय."

त्याच्यासकट सगळे हसले आणि त्यानं पत्रक घेतलं.

जरा वेळानं डीजे चालवणारा एक तरुण आला. पहिल्या पत्रकात मी ज्यांना पिळून वाळत घातलं होतं त्यातला. मी भांडायच्या तयारीनं उभी राहिले. त्यानं पत्रक दोनदा वाचलं, मग गर्दीकडं पाठ करून आईला हळूच विचारलं, "मावशी, शीळ वाजती ती थांबती का?"

"कधीपासून वाजती?"

"दिवाळीपासून."

आईनं त्याला बाजूला घेतलं. भाजीच्या पाट्यांमध्ये उभं राहून तिनं पिशवीतून फोमचा बोळा काढला, दोन बोटांत वळला, त्याचा कान वर-मागं ओढून बसवून दिला आणि फुगेपर्यंत दाबून धरला. "अंबाजोगाईला जा," ती म्हणाली. "उद्याच जा. आन्‌ खोकी जरा लांब लाव, तुज्यापसून बी आन्‌ लोकांपसून बी." तो ऐकत होता. मी त्याला जे वर्षभर ओरडून सांगत होते ते तिनं त्याच्या कानात बोट ठेवून सांगितलं. त्यानं धंदा सोडला नाही. पण त्याच्या ट्रॉलीवर आता माणसं चिकटून नाचत नाहीत. त्यानं पुढं दोरी बांधलीय.

पावसाळा उलटल्यावर आईची पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी जुना आणि नवा कागद एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात नेला. रेघ वर आली नव्हती. ती येणार नव्हतीच. पण खालीही गेली नव्हती.

"राखलंत, मावशी," त्या म्हणाल्या.

आईनं तो कागद मागून घेतला. घरी आल्यावर गिरणीच्या दारात, दळणाला येणाऱ्या प्रत्येक बाईला दिसेल असा, तिनं तो खिळ्यानं ठोकला. कुणी विचारलं की ती यंत्र बंद करते, कानझाके गळ्यात ओढते आणि रेघेवरून बोट फिरवत सांगते: हितवर मी घालवलं, हितून पुढं राखलं. मग विचारणारीला तिच्या घरातला सगळ्यात मोठा आवाज कोणता, ते विचारते.